मोहाडोहचं धाबं

आरतीचा फोन आला तेव्हा ज्योत्स्नाचे दोन्ही हात कणकेत होते. कोपरानं कसाबसा स्पीकर लावला, तर पलीकडून आवाज आला, "काका पोचले वं सुखरूप. काळजी नको करू."

"कोण काका?"

"कोण म्हणजे? शेषरावकाका! तुले सांगून नाही आले का? मी स्टँडवर घ्याले गेली होती. आता पोहे खाऊन राहिले मस्त. अन् ऐक ना, मले तुले एक सांगायचं होतं, त्या तुह्या नकाशाचं..."

"खाऊ दे पोहे," असं म्हणून ज्योत्स्नानं कोपरानंच फोन बंद केला.

झालं! अंगाचा तिळपापड झाला तिच्या. सख्खा बाप, ऐंशीला टेकलेला. राजकमल चौकात दाताच्या डॉक्टरकडे चला म्हटलं तर गुडघे पुढं करणार. आणि तोच माणूस सकाळी उठून, गुळगुळीत दाढी करून, एकटा एसटीत बसून अमरावतीहून अकोल्याला गेला. कुणाकडे? तर आरतीकडे! त्या आरतीकडे, जिच्याशी मोहाडोहच्या हॉटेलावरून ज्योत्स्नाची सरळसरळ लढत लागली होती.

"या माणसाले काही समजते का नाही?" तिनं आईला विचारलं.

भागीरथाबाई ओट्याशी लसूण सोलत बसल्या होत्या. वर न पाहता म्हणाल्या, "पोळी जळून राहिली तुही."

तव्यावर पोळी नव्हतीच. तवाही अजून ठेवला नव्हता. म्हातारीला काय म्हणायचं होतं ते ज्योत्स्नाला बरोबर कळलं, आणि कळलं म्हणूनच ती जास्त भडकली.

आता ही लढत काय, ते आधी सांगून टाकतो. मेळघाटच्या राष्ट्रीय उद्यानात, आत खोल, मोहाडोह नावाच्या जागी इंग्रजांच्या वेळचा एक बंगला आहे. साहेबलोक शिकारीला येत, तिथं उतरत. साहेब गेले, शिकार बंद झाली, आणि बार्शीटाकळीच्या रामरावांनी तो बंगला सरकारकडून भाडेपट्ट्यानं घेऊन त्याचं हॉटेल केलं. नागपूर-मुंबईची माणसं येऊन राहत, असं नाव होतं हॉटेलचं. मग पट्टा संपला, रामरावही गेले, आणि दाराला कुलूप लागलं ते लागलंच. कौलांवर माकडं, दिवाणखान्यात वटवाघळं. इतक्या वर्षांनी सरकारला जाग आली: हॉटेल पुन्हा उभं करायचं, जुनं रूप राखून. समिती बसली. समितीनं दोन आर्किटेक्टांकडून आराखडे मागवले, अमरावतीच्या ज्योत्स्नाकडून आणि अकोल्याच्या आरतीकडून. दोघींपैकी एकीचाच मंजूर व्हायचा. अट मात्र कडक होती. उद्यानाच्या आत एक फूटही बांधकाम वाढवायचं नाही. नवं काही हवं असेल, तर तेवढंच जुनं पाडा.

आरती म्हणजे रामरावांची नात. आणि ज्योत्स्ना म्हणजे त्याच हॉटेलच्या खानसाम्याची, शेषरावांची, पोरगी.

तेव्हा हे काम तिला का हवं होतं, हे विचारायचीसुद्धा गरज नाही. बंगल्याला समोरून लांबलचक व्हरांडा होता आणि त्या व्हरांड्यात लाकडी झोपाळा होता. नोकरांच्या लेकरांनी पुढं यायचं नाही, असा रामरावांचा नियम. माणूस तसा वाईट नव्हता. शेषरावांच्या हातचं चवीनं खायचा, फक्त गावचे पाहुणे आले की ताट दुसऱ्याच्या हातून मागवायचा. उन्हाळ्याच्या सुटीत आरती यायची. फुग्याच्या बाह्यांचे फ्रॉक घालून त्या झोपाळ्यावर बसायची, कस्टर्ड खायची. ते कस्टर्ड करायचे शेषराव. ज्योत्स्ना मागच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून झोपाळ्याच्या कड्यांची करकर ऐकायची.

तेही चाललं असतं. झोपाळा त्यांचा, बंगला त्यांचा, कस्टर्डही त्यांचंच म्हणा. पण संध्याकाळी नदीवर रानगवे पाणी प्यायला उतरले की शेषराव आरतीला खांद्यावर घेऊन दाखवायला नेत. खांदा तर ज्योत्स्नाच्या बापाचा होता ना? त्यावर बसून आरती मागं वळून हात हलवायची. त्या हलणाऱ्या हाताला चाळीसहून जास्त वर्षं झाली, पण ज्योत्स्नाच्या छातीत तो अजून हलत होता. पुढं ती शिकायला आत्याकडे अमरावतीला आली, शिकली, आर्किटेक्ट झाली, स्वतःचं ऑफिस थाटलं. अन् बघावं तर आरतीही आर्किटेक्टच! जगात दुसरा धंदा नव्हता का त्या बाईला?

त्यात शेषरावांची एक खोड. आरतीला ते 'माय' म्हणत. "काय माय, बरी हाय ना माय?" आणि स्वतःच्या पोरीला? 'मॅडम.' ऑफिस उघडलं त्या दिवशी कौतुकानं म्हणाले असतील, पण मग ते तोंडात बसलंच. "मॅडम, चहा घेता का?" बाहेरच्या पोरीला माय आणि घरच्या पोरीला मॅडम! ज्योत्स्ना हसून घ्यायची, आणि आतून तिला मिरच्या लागायच्या.

संध्याकाळी शेषराव परतले. हातात आरतीनं दिलेला डबा, तोंडावर हसू.

"काय सांगतलं तिले दिवसभर?" ज्योत्स्नानं दारातच धरलं.

"असंच. जुन्या गोठी."

"मले तं कधी नाही सांगत जुन्या गोठी."

"तुमाले टाइम कुठं असते मॅडम?" असं म्हणून म्हातारा पाय धुवायला गेला, आणि पाय धुता धुता चक्क गुणगुणत होता.

ज्योत्स्नाला वाटलं, ही सगळी आरतीच्या पोह्यांची करणी. अन् हेही वाटलं की आरती पक्की आहे. समितीसमोर 'हॉटेलचा जुना माणूस' म्हणून बाबाला उभा करणार, त्याच्या गोष्टी आपल्या आराखड्याला चिकटवणार, आणि बाजी मारणार. माझ्याच बापाच्या जिवावर मला हरवणार! रात्रीच्या जेवणात तिनं त्या डब्यातल्या सांज्याच्या पोळीला हात लावला नाही.

खरं म्हणजे शेषरावांच्या गुणगुणण्याचं कारण ज्योत्स्नाच्याच जेवणाच्या टेबलावर चार दिवस पसरलेलं होतं. तिचा नकाशा.

बंगल्याच्या मागं चार खोल्यांची एक चाळ होती, नोकरांची. दगडाच्या भिंती आणि वर धाबं. धाबं म्हणजे सागाच्या फळ्यांवर मातीचा जाड थर दिलेलं सपाट छत, आपल्या वऱ्हाडात जुन्या घरांवर असायचं तसं. ज्योत्स्नाचा जन्म त्यातल्याच एका खोलीतला. ती खोली म्हणजे तिला गळतं छत, विंचू आणि लांबून येणारी झोपाळ्याची करकर, एवढंच आठवे. आराखड्यात तिला नदीच्या बाजूनं जेवणाचा मोठा हॉल हवा होता, काचेच्या भिंतींचा. पाहुण्यांनी जेवता जेवता गवे पाहावेत. आणि हॉल हवा तर तेवढंच जुनं पाडायचं होतं. तिनं दुसरा विचारही केला नाही. पेटीतली पिवळी पेन्सिल काढली आणि त्या चार खोल्या रंगवून टाकल्या.

नकाशाच्या धंद्यातला हा बाळबोध नियम. नवं बांधायचं ते लाल, पाडायचं ते पिवळं. कॉलेजात पहिल्या वर्षीच शिकवतात. आता सगळं कॉम्प्युटरवर होतं, पण ज्योत्स्ना शेवटचा कागद अजून हातानं रंगवायची. तशी सवयच होती.

एकदा ती रंगवत असताना शेषराव मागं येऊन उभे राहिले होते. चष्मा पुसून त्यांनी बोट ठेवलं.

"ही आपली खोली का?"

"हो."

"अन् हा रंग तुमीच देल्ला?"

"हो बाबा," ती म्हणाली. पुढचं सांगायला हवं होतं. पण तेवढ्यात फोन वाजला आणि ती उठून गेली. सांगू नंतर, असं म्हणाली मनाशी. नंतर मग सांगायचं जिवावर आलं.

समितीची बैठक मोहाडोहलाच ठरली, व्हरांड्यातच. ज्योत्स्ना सकाळी स्वतःची गाडी काढून शेषरावांना हाक मारते, तर भागीरथाबाई म्हणाल्या, "ते तं गेले. आरती आली होती घ्याले. चिखलदऱ्याले काही काम होतं मने तिचं, लवकर निघाले." ज्योत्स्ना त्या घाटात कशी गाडी चालवत गेली ते तिचं तिला माहीत. प्रत्येक वळणावर तिला पुढच्या गाडीत आरतीच्या शेजारी बसलेला बाप दिसत होता.

व्हरांडा झाडून घेतला होता. झोपाळा गेला होता, छताला नुसत्या कड्या लोंबत होत्या. समितीचे अध्यक्ष किसनराव, वनखात्यातून निवृत्त झालेले, मधोमध बसले होते. शेजारी मुंबईहून आलेल्या पर्यटनाच्या माधवी मॅडम. आरती कोपऱ्यात. शेषराव कुठं दिसेनात.

"मागं गेले," आरती हळूच म्हणाली. "खोल्या पाहाले."

ज्योत्स्नाला हायसं वाटलं. बापाच्या देखत 'पाडायचं' हा शब्द उच्चारावा लागणार नव्हता. तिनं नकाशा फळ्यावर टाचला आणि बोलायला सुरुवात केली, आणि काय बोलली म्हणता! मूळ बंगला जसाच्या तसा, कौलं जुन्या घडणीची, काचेचा हॉल, पाणी पिणारे गवे. माधवी मॅडम मान डोलवत होत्या. किसनराव म्हणाले, "वा! हे काम झालं. मागच्या पडक्या खोल्यांत तसंही काय ठेवलंय?" ज्योत्स्नानं आरतीकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा ती व्हरांड्यात होती आणि आरती कोपऱ्यात. खोटं कशाला बोला, तिला फार गोड वाटलं.

आरतीचा आराखडा साधा होता. काचेचा हॉल नाही. मागच्या चार खोल्या राखायच्या, धाब्यासकट.

"ढाबा?" माधवी मॅडमनी विचारलं. "म्हणजे दाल-तडका वगैरे?"

सगळे हसले. आरतीनं धाबं म्हणजे काय ते सांगितलं, पण हसण्यात तिचं बोलणं वाहून गेलं. किसनराव घड्याळाकडे पाहू लागले. तेव्हा आरती म्हणाली, "सर, या खोल्यांत तीस वर्षं राहिलेला माणूस आलाय. एकदा त्यांना विचारा."

आलं शेवटी, ज्योत्स्नाच्या मनात आलं. हेच ठेवलं होतं हिनं पदराखाली.

शेषराव आले. पायरीशी चपला काढल्या. खुर्ची दिली तर बसेनात.

"काका," किसनराव म्हणाले, "तुमाले काय वाटते? या मागच्या खोल्यांचं काय करावं?"

"मले काय इचारता साहेब?" शेषराव हसले. "माह्या पोरीनं केलंच ना ते." आणि ते सरळ ज्योत्स्नाच्या नकाशापाशी गेले. पिवळ्या रंगावर त्यांनी बोट ठेवलं. "हे पाहा. सारा नकाशा काळा-पांढरा, थोडासा लाल. पिवळी फकत आमची चाळ. एवढ्या मोठ्या बंगल्यात माह्या पोरीनं आमच्या खोलीले हळद लावली. लग्नात नवरीले लावते तशी! मी अकोल्याले जाऊन सांगून आलो या आरतीले. म्हटलं, तुह्या आजाच्या हाटेलात आता पहिला मान आमच्या धाब्याचा हाय माय."

पिवळा म्हणजे काय हे ज्योत्स्नानं घटकेपूर्वीच सगळ्यांना समजावून सांगितलं होतं.

ज्योत्स्नानं आरतीकडे पाहिलं. आरतीला हे ठाऊक होतं! म्हातारा तिच्या घरी पोहे खात हळदीचं सांगत होता, तेव्हापासून ठाऊक होतं. आता एका वाक्याचं काम होतं. 'काका, पिवळं म्हणजे पाडायचं,' एवढं बोलली की समिती विरघळली असती आणि आरती जिंकली असती. आरती नदीकडे तोंड करून बसून राहिली.

किसनरावांनी घसा साफ केला. "अहो काका, तो पिवळा रंग म्हणजे तसं नसते, तो..."

"सर," ज्योत्स्ना म्हणाली. "पिवळा रंग माझा चुकला."

"म्हणजे?"

"त्या खोल्या पाडायच्या नाहीत. मी रंगात चुकले."

"अहो मॅडम, आत्ता तर तुम्ही... बरं, मग तुमच्या हॉलची जागा कुठून आणणार?"

"नाही आणता येत सर. आराखडा बसत नाही माझा. मागे घेते."

पंचवीस वर्षं धंद्यात मुरलेली आर्किटेक्ट, आणि पहिल्या वर्षाच्या पोरानंही केली नसती अशी चूक तिनं चारचौघांत आपल्या नावावर लावून घेतली. माधवी मॅडमनी भुवया उंचावून काहीतरी लिहून घेतलं. शेषरावांना त्यातलं काही उमगलं नाही. ते नकाशावरून हात फिरवून पुन्हा मागच्या बाजूला गेले. काम आरतीला मिळालं.

चहाच्या वेळी आरती जवळ आली. ज्योत्स्नाला त्या क्षणी तिचा जेवढा राग आला तेवढा जन्मात आला नव्हता. ही बोलली असती तर बरं झालं असतं, आयुष्यभर शिव्या तरी देता आल्या असत्या. इथंही हीच मोठी ठरली!

"तुले माहीत होतं," ज्योत्स्ना म्हणाली.

"हो."

"मंग मले सांगतलं काहून नाही?"

"सांगाले फोन केला होता. तू म्हटलं खाऊ दे पोहे, अन् ठेवून देल्ला. मंग दोनदा लावला, तू उचलला नाही."

हे खरं होतं. पण आत सलत होतं ते निराळंच, आणि ते निघालंच. "दिवसभर काय सांगतलं वं त्याइनं तुले? मले घरात एक शब्द बोलत नाही हा माणूस."

आरती म्हणाली, "तुह्याच गोठी. मी म्हटलं, काका, हॉटेलचं सांगा, आजोबाचं सांगा. फिरून फिरून गाडी तुह्यावर. तू पहिला नकाशा कसा काढला, तू बँकेतल्या साहेबाले कसं झापलं. रेकॉर्ड केलंय, पाठवते तुले. खरं सांगू? मले तुहा लय राग आला त्या दिवशी. माह्या आजोबानं माही एक गोठ कोणाले सांगतली नसन."

कप तसाच ठेवून ती बंगल्याला वळसा घालून मागं गेली.

शेषराव धाब्याला टेकवलेल्या जुन्या शिडीपाशी उभे होते. शिडीच्या पायऱ्या कुजल्या होत्या, तरी एक पाय ठेवून पाहत होते.

"बाबा, पडसान! उतरा." तिनं दंड धरून त्यांना बाजूला घेतलं. आणि मग इतकी वर्षं घशात अडकलेलं, लहान पोरीनं विचारावं तसं विचारलं, "तुम्ही आरतीले खांद्यावर घेऊन गवे दाखवत होते. मले काहून नाही घेतलं कधी?"

शेषरावांनी तिच्याकडे नवल वाटल्यासारखं पाहिलं. "तिले घ्याचा तं पगार भेटे मले. रामरावजी म्हणत, शेषराव, पोरीले फिरवून आण. मी आणो." मग त्यांनी धाब्याकडे मान केली. "तुले कोण घ्या म्हणते? तुले मी वर नेत होतो. उन्हाळाभर. खाली इचू निघत, मनून काम आटपलं की तुले घेऊन या धाब्यावर. गोधडीवर मी, अन् माह्या छातीवर तू. खाली निजाले तयारच नसे तू. सांबर ओरडलं की माही बनियन अशी मुठीत धरे, की सकाळी बोटं उकलून सोडवा लागे." म्हातारा हसला. "तुमाले काय याद राहीन मॅडम, दोन-तीन वर्साच्या होत्या तुमी."

ज्योत्स्नानं वर पाहिलं. धाब्याच्या कडेला गवत वाढलं होतं आणि मातीला भेग पडली होती. किती आठवावं म्हटलं तरी तिला काही आठवेना.

"मनून मले वाटलं," शेषराव म्हणाले, "मॅडमनं हळद लावली म्हणजे याद असन इले. बरं, तो रंग पक्का हाय ना? पुसून तं नाही जाईन?"

"नाही जात बाबा," ती म्हणाली. "पक्का आहे."

समोरून आरतीची हाक आली, "काका, निघायचं का?"

"आलो माय!" म्हणत शेषराव वळले.

"नाही!" ज्योत्स्ना इतक्या जोरात ओरडली की छपरावरची माकडं पळाली. बापाची बाही तिनं मुठीत गच्च धरली होती. "तुम्ही माह्या गाडीत बसाचं."